बोली लासलगावची, बोली हर्णैची

पुण्यातल्या कुठल्याही ऑफिसात, पार्टीत किंवा रूममेटच्या चुलतबहिणीच्या साखरपुड्यात मला एक प्रश्न हमखास येतो. "तू मूळची कुठली गं?" मी म्हणते, "लासलगाव." आणि समोरचा चेहरा एकदम उजळतो. "ओह, कांदा!" पुढचे दोन प्रश्नही आता पाठ झालेत. भाव अजून वाढणार का? आणि आत्ताच दहा किलो घेऊन ठेवू का? जणू मी मासकॉम केलं आणि फ्रीलान्सिंग करते ते कांद्याच्या टिप्स द्यायलाच.

तर बॉस, हा लेख त्या सगळ्यांसाठी. लासलगावचा. आणि लासलगावहून निघून चारशे किलोमीटरवरच्या एका बंदरापर्यंत जाणारा. कारण माझ्या गावाचं दुखणं नेमकं काय आहे, हे मला गावात जन्म काढून कळलं नव्हतं. ते कळलं हर्णैच्या वाळूत, माशांच्या ढिगासमोर, आणि तेही माझ्या माळकरी बापामुळे.

आधी गाव

लासलगाव हे वीकेंड डेस्टिनेशन नाही, हे मान्य. नाशिकपासून साठेक किलोमीटर, तालुका निफाड. मुंबई-मनमाड लाइनवर निफाड मागे पडलं की खिडकीतून आधी वास येतो आणि मग स्टेशन. किल्ला नाही, धबधबा नाही, आणि कोल्ड कॉफी मागितलीत तर फ्रीजमधलं दूध आणि आश्चर्याने बघणारा एक माणूस मिळेल. बघण्यासारखी गोष्ट एकच. तिच्यासाठी सकाळी नऊच्या आत बाजार समितीच्या आवारात पोचायचं.

ही बाजार समिती १९४७ सालची. आशियातली सर्वांत मोठी कांद्याची बाजारपेठ अशी तिची ख्याती, आणि गावातलं शेंबडं पोरसुद्धा हे वाक्य पाहुण्याला ऐकवल्याशिवाय सोडत नाही. आत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या आणि पिकअपच्या रांगा. रात्री दोन-तीनला घरून निघालेले शेतकरी आपापल्या मालावर बसलेले. मग व्यापाऱ्यांचा घोळका येतो. पुढे बोली पुकारणारा. कुणीतरी ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, आतून एक कांदा उपसतो, पत्ती चोळून बघतो, मान दाबून बघतो. बोली सुरू. तेराशे, साडेतेराशे, चौदाशे... क्विंटलचा भाव. बोटं हलतात, कुणाची नुसती भुवई हलते, आणि घोळका पुढच्या ट्रॉलीकडे. एका ट्रॉलीला मिनिटभरही लागत नाही. चार महिन्यांच्या पिकाचा निकाल तुमच्या लिफ्टला तळमजल्यावरून सातव्या मजल्यावर जायला लागतो तेवढ्या वेळात!

लहानपणी मी आप्पांबरोबर ट्रॉलीवर बसून जायचे. बोली चालू असताना आप्पा कधीच व्यापाऱ्यांकडे बघायचे नाहीत. समोर कुठेतरी लांब बघायचे. घोळका गेला की विचारायचे, "किती झाला गं?" त्यांना ऐकू आलेलं असायचं. तरी विचारायचे.

गावात आणखी एक चीज आहे, जी कुणालाच माहीत नसते. भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' नावाचं विकिरण केंद्र. २००२ मध्ये सुरू झालं. कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांनी कांद्याला कोंब येणं थांबवायचं, ही मूळ कल्पना. पण नाव झालं ते हापूसमुळे. २००७ मध्ये अमेरिकेने बऱ्याच वर्षांनी आपल्या आंब्यासाठी दार उघडलं, अट एकच, विकिरण करून पाठवा. तेव्हा कोकणातला आंबा घाट चढून लासलगावला आला आणि इथून अमेरिकेला गेला. म्हणजे कोकण आणि आमचं गाव यांची ओळख जुनीच म्हणायची. फक्त आजवर कोकण आमच्याकडे आलं होतं. आम्ही गेलो नव्हतो.

बंद!

आमच्याकडे कांद्याचे हंगाम असतात. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो, कांदाचाळीत चार-सहा महिने टिकतो. दिवाळीच्या आगेमागे येणारा लाल कांदा मात्र टिकत नाही. काढला की विकायचा. ठेवला तर पाणी सुटतं, मग कोंब, मग वास. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. ऑक्टोबर संपताना नियम आला, टनाला किमान ८०० डॉलर भाव मिळत असेल तरच कांदा देशाबाहेर जाईल. आणि ७ डिसेंबरच्या रात्री अधिसूचना निघाली, निर्यातच बंद. दुसऱ्या दिवशी नाशिक जिल्ह्यात ठिकठिकाणी लिलाव बंद पडले, रस्ते अडवले गेले. काही दिवसांत भाव निम्म्याच्या आसपास आला.

आमच्या घरचा लाल कांदा त्या आठवड्यात काढून पडला होता. मी पुण्यात एका मॉलच्या फूड कोर्टवर स्टोरी करत होते. धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, ट्रॅक्टरचा हप्ता तुझ्याकडून होईल का या महिन्यात?" त्याला हे विचारायला किती जड गेलं असेल हे मला माहितीये, कारण पुढचा महिनाभर त्याने मला एकही मेसेज केला नाही. होळीच्या सुमारास बोलला तेव्हा एवढंच म्हणाला, पुढच्या साली एक एकर कांदा कमी करतो, नाशिकला कुठेतरी लागतं का बघतो.

बंदी आधी ३१ मार्च २०२४ पर्यंत होती. मग वाढली. मधल्या काळात देशादेशांना कोटा ठरवून मिळाला. बांगलादेशला ५० हजार टन, बहारीनला ३ हजार, मॉरिशसला १२००, भूतानला ५५०. एप्रिलमध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २ हजार टनांची वेगळी परवानगी निघाली, तेव्हा आमच्याकडे पारावर ज्या भाषेत चर्चा झाली ती या गुळगुळीत कागदावर छापता येणार नाही. शेवटी ४ मे २०२४ ला बंदी उठली. पण किमान ५५० डॉलर आणि ४० टक्के शुल्क यांच्यासकट. म्हणजे दार उघडलं, पण उंबरठा छातीएवढा!

आता तुम्ही म्हणाल, शहरात कांदा ऐंशी रुपये झाला की आमचं काय? रास्त प्रश्न आहे. मीही पुण्यात कांदा विकतच घेते. म्हणून आप्पांना एकदा हेच विचारलं होतं. म्हणाले, "बंद करायचंय ना, करा की. पण रोप टाकायच्या आधी सांगा." तेव्हा मला ते नुसतं वैतागून बोललेलं वाक्य वाटलं होतं.

आईला समुद्र

मेच्या शेवटच्या आठवड्यात उन्हाळ कांदा चाळीत पडतो आणि पावसाआधी आठ-दहा दिवस घरात जरा उसंत असते. आईला आयुष्यात एकदा समुद्र बघायचा होता. मुंबईचा नको, तिथे गर्दी असते म्हणे. पुण्याच्या मैत्रिणी दापोली-दापोली करत असतात, त्यामुळे दापोली ठरली. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीचं दर्शन हे आप्पांसाठी लावलेलं आमिष. आप्पांच्या गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी चुकत नाही. घरात अंडं शिजत नाही. हर्णैचा मासळी लिलाव हा माझा छुपा अजेंडा होता, आणि मी तो खेडचा फाटा येईपर्यंत अजिबात उघड केला नाही.

कसारा घाट, भिवंडी, पनवेल, मग मुंबई-गोवा हायवे. या हायवेबद्दल मी काही लिहीत नाही, संपादकांनी शब्दमर्यादा दिलीय.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास हर्णैला पोचलो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा. त्याच्या अलीकडे रंगीत होड्याच होड्या. आई पाण्याकडे बघून हात जोडून उभी राहिली आणि पाच मिनिटं काही बोललीच नाही. आप्पांनी उपरण्याचं टोक नाकाला लावलं होतं. मी म्हटलं, तुम्ही इथेच सावलीत बसा, मी पटकन फोटो काढून येते.

होड्यांवरून माल छोट्या होडक्यांत, होडक्यांतून बैलगाड्यांत. पाण्यात गुडघाभर शिरलेल्या बैलगाड्या! असला व्हिज्युअल तुम्हाला कुठल्याच रिसॉर्टच्या ब्रोशरमध्ये मिळणार नाही. वाळूवर वाटे लागत होते. पापलेट, सुरमई, बांगडा, कोळंबी, म्हाकूळ. भोवती बायकांचा गराडा, थर्मोकोलचे बॉक्स, बर्फाचा चुरा, आणि मधोमध बोली.

दहा मिनिटांनी वळून बघते तर आप्पा माझ्या शेजारी. उपरणं नाकावर तसंच, पण डोळे बोलीवर. "हा दाबून धरतोय," मला म्हणाले. "त्या निळ्या पातळवालीला घ्यायचाय माल, पण ती बघत नाहीये मुद्दाम." पुढच्याच बोलीला निळ्या पातळवालीने माल उचलला. मासा कुठला, खातात कसा, आप्पांना काडीचं माहीत नाही. पण लिलाव त्यांना तोंडपाठ होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते लिलावात विकणारे नव्हते, त्यामुळे कदाचित नीट बघू शकत होते.

ही गोल्टी का विकता?

एका वाट्यात अगदी बारकी पापलेटं होती. तळहाताएवढीही नाहीत. आप्पांनी विक्रीला बसलेल्या मावशींना विचारलं, "ताई, ही गोल्टी कशाला काढली?"

मावशींना गोल्टी कळेना. मी भाषांतर केलं. आमच्याकडे प्रतवारीत जो बारका कांदा निघतो ती गोल्टी, तिला भाव कमी. मावशी हसल्या. "दादा, जाल्यात आली ती आली. सोडायची खरी. सोडीत कोण नाय."

शेजारी एक तांडेल उभे होते. तांडेल म्हणजे होडीचा कॅप्टन. त्यांनी हे ऐकलं आणि आमच्याकडे वळले. पुढचा तासभर मी आयुष्यातली सगळ्यात चांगली मुलाखत ऐकली, आणि त्यात मी एकही प्रश्न विचारला नाही. सगळे आप्पांनी विचारले.

सोडायची खरी, म्हणजे काय? तर २०२३ मध्ये महाराष्ट्राने ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. पापलेटाची १३५ मिलिमीटर. त्याहून लहान पकडायचा नाही, विकायचा नाही. त्याच वर्षी पापलेट आपला राज्य मासा झाला. मान मोठा मिळाला, पण ताटात अजून लहानच येतोय. मासा एकदाही अंडी न घालता बाजारात आला तर पुढच्या वर्षी येणार काय, असा साधा हिशोब. आप्पांना तो लगेच पटला. बियाण्याचे डेंगळे कुणी भाजीला विकतं का?

मग सगळ्यात मोठी गोष्ट. परवा, म्हणजे १ जूनपासून, समुद्र बंद. ३१ जुलैपर्यंत. ६१ दिवस यांत्रिक होडीने मासेमारी करायची नाही. पावसाळा हा पुष्कळ माशांचा विणीचा हंगाम, आणि दर्याही खवळलेला. पूर्वी महाराष्ट्रात ही बंदी १० जूनला सुरू व्हायची आणि नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट, जे आधी येईल तोवर चालायची. २०१५ पासून सगळ्या पश्चिम किनाऱ्याची तारीख एक झाली. कोळीवाड्यांतल्या पुष्कळ जुन्या माणसांना अजूनही वाटतं की पौर्णिमेपर्यंत थांबायला हवं. थोडं दचकलेच मी. बंदी वाढवा म्हणणारे धंदेवाले मी पहिल्यांदाच ऐकत होते!

आप्पांनी विचारलं, "आणि हे तुम्हाला कधी कळतं?"

तांडेलांना प्रश्नच कळला नाही. "कधी म्हणजे? दर साली तेच की."

"म्हणजे आधीपासून माहीत?"

"आमच्या आज्याला माहीत होतं, काका."

आप्पा गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "आम्हाला रात्री कळतं."

मागे खलाशी बॅगा भरत होते. हर्णैच्या होड्यांवर नेपाळी पोरं पुष्कळ. दोन महिने गावी जायचं, म्हणून नवे शर्ट घातलेले. एका होडीचं इंजिन उतरवत होते. वरच्या बाजूला काही होड्या ओढून घेतल्या होत्या, त्या शाकारायचं काम चाललं होतं. शाकारणं म्हणजे पावसाआधी झापांनी, ताडपत्रीने होडी नीट झाकून घेणं. आप्पांनी उभं राहून ते पूर्ण बघितलं. चार दिवसांपूर्वी त्यांनी आमची चाळ अशीच झाकली होती. दोघांच्या नखांवर मतदानाची शाई होती. तांडेलांची ७ मेची, विरलेली. आप्पांची २० मेची, ताजी.

कुपा

वाळूच्या एका टोकाला गडद निळ्या पाठीचे, बंदुकीच्या गोळीसारखे घोटीव मासे पडले होते. कुपा. काही ठिकाणी गेदर म्हणतात. तुमच्या सँडविचमधला ट्यूना, त्याच कुळातला. इथे त्याला पापलेट-सुरमईचा मान नाही. मी आप्पांना सांगितलं की याच्याच एका भाऊबंदाला, ब्लूफिनला, टोकियोच्या तोयोसू बाजारात जानेवारी २०१९ मध्ये नव्या वर्षाच्या पहिल्या लिलावात ३३ कोटी ३६ लाख येन मिळाले. रुपयांत वीस कोटींच्या वर. एक मासा, २७८ किलो.

आप्पांनी डोळे मिटून हिशोब केला. "क्विंटलला बारा कोटी येन?" मी मोबाइलवर करून बघितलं. बरोबर बारा कोटी! लासलगावात लिलावाला बसलेल्या माणसाशी तोंडी हिशोबात पंगा घेऊ नये.

ट्यूनाची भानगड अशी की तो कुणाचाच नाही. आज हर्णैसमोर, उद्या लक्षद्वीप, पुढे मालदीव, ओमान. आपण ६१ दिवस समुद्र बंद ठेवून त्याला काय फरक पडणार? म्हणून त्याच्यासाठी देशादेशांची कमिटी लागते. हिंदी महासागराचा ट्यूना आयोग सेशेल्समधून चालतो, भारत त्यात सुरुवातीपासून आहे. २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी सांगितलं की यलोफिन ट्यूना जितका जन्मतोय त्यापेक्षा जास्त पकडला जातोय. मग २०१७ पासून कपात. मोठ्या पर्ससीन जहाजांनी २०१४ च्या तुलनेत १५ टक्के कमी पकडायचा, लांब दोरीला हजारो गळ लावणाऱ्यांनी १० टक्के कमी. बिगआय जातीसाठी तर २०२४ आणि २०२५ या वर्षांचा आकडाच ठरला. ८०,५८३ टन, तोही सगळ्या महासागराचा मिळून. भारत या भांडणात सभ्यपणे मान डोलावणाऱ्यांतला नाही. यलोफिनच्या २०२१ च्या ठरावावर आपण हरकत घेतली होती. दूरदेशीच्या प्रचंड जहाजांनी समुद्र उपसायचा आणि कपात किनाऱ्यावरच्या छोट्या होडीवाल्यानेही सोसायची, हा आपल्यासारख्या देशांचा जुना सल. मला तो पटतो. पण हेही खरं की सगळ्यांनीच हरकत घेतली तर मासा कुणाच्या सहीने वाढणार?

आणि वाढला, बहुधा. २०२४ च्या अखेरीस आयोगाच्या शास्त्रज्ञांनी नवा हिशोब मांडला, यलोफिन आता धोक्याच्या रेषेबाहेर आहे. त्यात कपातीचं श्रेय किती आणि नव्या हिशोबाच्या पद्धतीचं किती, यावर वाद होतील. तरी आकडा ठरवायचा, जाहीर करायचा, दरवर्षी तपासायचा, ही रीत मला आवडली. तिकडे अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर तर हौशी माणसालाही सुट्टी नाही. ब्लूफिनसाठी परमिट काढायचं, दिवसाला किती आणि किती लांबीचे याचा नियम पाळायचा, आणि हौशींचा वार्षिक कोटा भरला की सीझन मध्येच बंद. मग गळ गुंडाळा आणि घरी जा. आमच्या लॉजवर पुण्याचे दोन आयटीवाले भारीतले रॉड घेऊन गरवायला आले होते. कोकणात गळाने मासे पकडण्याला गरवणं म्हणतात. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "कमॉन यार, दोन मासे पकडतोय." खरंय. आपल्याकडे त्यांना दिवसाचा आकडा कुणी विचारत नाही.

तारीख सगळ्यांची?

हर्णै म्हणजे शहाण्यांचं गाव आणि लासलगाव म्हणजे अन्यायग्रस्त, असं चित्र तुमच्या डोक्यात तयार होत असेल तर थांबा. तांडेलांची मुख्य तक्रार तारखेबद्दल नव्हतीच. ती होती तारीख न पाळणाऱ्यांबद्दल. पर्ससीन म्हणजे बटव्यासारखं आवळून अख्खा थवा उचलणारं जाळं. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याच्या पाण्यात त्याला सप्टेंबर ते डिसेंबर असे चारच महिने दिले, आणि परवाने कमी करत करत १८२ वर आणायचं ठरवलं. रात्री एलईडीचा झगझगाट करून मासे गोळा करण्यावर केंद्राची बंदी २०१७ पासून. २०२१ मध्ये राज्याने दंड लाखांत नेले. तरीही, तांडेल म्हणाले, रात्री इथल्या एखाद्या उंच घराच्या गच्चीवर जाऊन बसा, समुद्रात दिवाळी दिसेल. "आम्ही मोठ्या आसाचं जालं वापरतो, तारीख पालतो. बाहेरचे ट्रॉलर येऊन साफ करून जातात. मग आमचं पोरगं विचारतं, बाबा, तुम्ही कशाला पालता?"

त्यांचा मुलगा चिपळूणला मोबाइलच्या दुकानात आहे. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी समुद्राकडे.

आणखी एक फरक, जो मला रात्री झोप येत नव्हती तेव्हा जाणवला. समुद्र बंद केला की आत मासा वाढतो. थांबलेल्याला ऑगस्टमध्ये काहीतरी मिळतं. कांद्याची निर्यात बंद केली की ट्रॉलीतला लाल कांदा वाढत नाही, सडतो. थांबण्याचा मोबदला त्याच्या पोटात नाहीच. तो भाव खाली आल्यावर तुम्हाला-मला मिळतो, किलोमागे वीस-पंचवीस रुपये. मला ते पैसे नको होते असं नाही. पण ते कुठून आले हे मला त्या रात्री कळलं, आणि ट्रॅक्टरच्या हप्त्याचा आकडा मला पाठ होता.

सकाळी कड्यावरचा गणपती झाला. आईने समुद्राचं पाणी बिसलेरीच्या बाटलीत भरून घेतलं. परतीच्या वाटेवर आप्पा बराच वेळ गप्प होते. मग कुठेतरी महाडच्या आसपास म्हणाले, "जूनमध्ये आम्ही रोप टाकतो. तेव्हाच सांगितलं ना की यंदा इतकेच टन बाहेर जाणार, तर मी तेवढाच लावीन. मला काय हौस आहे का रस्त्यावर ओतायची?" आई म्हणाली, "आता झोपा जरा."

नंतर

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये किमान दराची अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेलं. उंबरठा एकदाचा जमिनीला लागला. मग पावसाने स्वतःचीच अधिसूचना काढली. त्या वर्षी मान्सून मेमध्येच कोकणात उतरला. १ जूनची वाट न बघता होड्या किनाऱ्याला लागल्या, आणि आमच्याकडे शेतात काढून ठेवलेला उन्हाळ कांदा भिजला. आमचा चाळीत गेला होता, थोडक्यात वाचलो. शेजारच्यांचा नाही वाचला.

भावाने एक एकर कमी केलाच. नाशिकची नोकरी मात्र अजून नुसती बोलण्यात आहे.

आणि १ ऑगस्टला, सकाळी साडेसहाला, मी गाढ झोपेत असताना आप्पांचा फोन. एवढ्या पहाटे फोन म्हणजे काहीतरी झालं असणार, माझ्या पोटात गोळाच आला.

"काय झालं आप्पा?"

"काही नाही गं. आज तारीख ना. निघाल्या असतील का त्यांच्या होड्या?"

जायचं असेल तर : लासलगावला मुंबई-मनमाड मार्गावरच्या काही गाड्या थांबतात, नाहीतर नाशिकहून एसटी. राहायचं नाशिकला. थंडीत गेलात तर तालुक्यातलंच नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्य सोडू नका. २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ झालं ते हेच. हर्णै दापोलीहून पंधराएक किलोमीटर, कोकण रेल्वेने यायचं तर खेडला उतरा. लिलाव सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा असतो, पण जून-जुलैत गेलात तर फक्त झाकलेल्या होड्या दिसतील. पापलेट घेताना हाताने मापून घ्या, वीतभर नाही तरी टाचणीपेटीएवढं नको. आणि लासलगावच्या आवारात फोटो जरूर काढा, फक्त बोली चालू असताना ट्रॉलीवर बसलेल्या माणसासमोर मोबाइल धरू नका. तो लांब कुठेतरी बघत असतो.